चौथ्या नंबरची मारामारी आणि उत्तर न्यूयॉर्कचा बर्फ

फेब्रुवारी संपत आला की न्यू जर्सीतली आमच्या ओळखीची मंडळी फ्लोरिडाची तिकिटं बघू लागतात. आम्ही दोघांनी गाडी उलट्या दिशेला काढली. निमित्त भाच्याचं. तो कॉर्नेलला एम.एस. करतोय आणि तिथे गेल्यापासून त्याला कॉलेजच्या आइस हॉकीचं वेड लागलंय. "मामा, सीझनचे शेवटचे दोन वीकेंड पकडून ये. गुणांचं टेबल खरं हलतं ते तेव्हाच," असं त्याने बजावलं होतं. माझ्या बायकोला, वर्षाला, खेळात काडीचा रस नाही. पण ती पेशाने अकाउंटंट. टेबल म्हटल्यावर तिने डायरी आणि पेन्सिल पर्समध्ये टाकली.

गुरुवार, इथाका

चार-साडेचार तासांचा रस्ता. बिंगहॅम्टनपर्यंत पाऊस, पुढे बर्फ. कॉर्नेलच्या गावी, इथाकाला पोहोचलो तेव्हा दरीतले धबधबे अर्धे गोठलेले होते. वरून पाणी येतंय, मधेच दगडासारखं थांबलंय आणि आतून आवाज मात्र चालू आहे. भाच्याने पिठलं-भात केला होता. पिठल्यात गुठळ्या होत्या, पण उणे बारा तापमानात गुठळ्या कोण मोजतो.

जेवण झाल्यावर त्याने कागद पुढे ओढला आणि शिकवणी सुरू झाली. ईसीएसी हॉकी ही बारा कॉलेजांची लीग. त्यातली सहा आयव्ही लीगमधली: कॉर्नेल, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ब्राऊन, डार्टमथ. ही कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. उरलेली सहा म्हणजे क्लार्कसन, सेंट लॉरेन्स, कोलगेट, युनियन, आरपीआय आणि क्विनिपियॅक. गंमत अशी की क्लार्कसन, सेंट लॉरेन्स, युनियन आणि आरपीआय बाकी सगळ्या खेळांत तिसऱ्या श्रेणीत खेळतात. फक्त हॉकीत पहिल्या श्रेणीत, थेट मोठमोठ्या विद्यापीठांच्या तोडीला. आणि नुसते खेळत नाहीत. येल २०१३ साली, युनियन २०१४ साली आणि क्विनिपियॅक २०२३ साली राष्ट्रीय विजेते झाले.

प्रत्येक संघ लीगमध्ये २२ सामने खेळतो, प्रत्येकाशी एक घरी आणि एक बाहेर. वेळेत जिंकलं तर ३ गुण. बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा जादा वेळ, दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू. तरीही सुटलं नाही तर शूटआउट. जादा वेळात किंवा शूटआउटमध्ये जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला १. लीगचे सामने संपले की प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या.

"आणि प्लेऑफला किती जातात?" वर्षाने विचारलं.

"सगळे बारा."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "मग एवढी मारामारी कशासाठी चाललीय?"

हा प्रश्न मला पुढे सगळीकडे पुरला. जो भेटेल त्याला विचारत गेलो. भाच्याचं उत्तर नियमांचं होतं. टेबलात दोन रेघा महत्त्वाच्या, चौथ्याखाली एक आणि आठव्याखाली एक. पहिले चार पहिल्या फेरीत खेळतच नाहीत, घरी बसून आराम करतात. पाच ते आठ नंबरवाल्यांच्या घरी नऊ ते बारावाले येतात. एकच सामना, हरला तो संपला. मग पहिल्या चारांच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, तीनपैकी दोन जिंकायच्या मालिका. शेवटचे चार संघ अंतिम लढतींसाठी लेक प्लॅसिड गावी. म्हणजे पात्रतेसाठी कोणीच झगडत नाही. सगळा झगडा आठवडाभराच्या विश्रांतीसाठी आणि घरच्या रिंकसाठी. त्या आठवड्यात चौथ्या आणि सातव्या नंबरांत एका सामन्याइतकंच अंतर होतं.

शुक्रवार, लायना रिंक

कॉर्नेलचं लायना रिंक १९५७ सालचं. बाहेरून गोदाम वाटतं. आत साडेचार हजारही माणसं मावत नाहीत, आणि विद्यार्थ्यांचा भाग अख्खा सामना उभा असतो. छताखाली दोन निवृत्त क्रमांक टांगलेत: केन ड्रायडनचा १ आणि जो न्यूवेंडाइकचा २५. ड्रायडन इथलाच गोली, म्हणजे गोलरक्षक. १९६७ साली कॉर्नेलला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा, पुढे मॉन्ट्रियलकडून खेळलेला, आणि त्याही पुढे कॅनडाचा खासदार आणि मंत्री.

पाहुण्या संघाची नावं पुकारायला सुरुवात झाली आणि समोरच्या शेकडो पोरांनी एकदम वर्तमानपत्रं उघडून तोंडापुढे धरली. आम्हाला तुमच्यात रस नाही, हा त्याचा अर्थ. मग राष्ट्रगीत. त्यात 'रेड' शब्द येतो तिथे सगळं रिंक तो शब्द ओरडतं, कारण कॉर्नेलचा रंग लाल. हार्वर्डशी सामना असला की बर्फावर मासे फेकतात असं ऐकून होतो. आमच्या वाट्याला हार्वर्ड नव्हतं, आणि वर्षाने त्याबद्दल देवाचे आभार मानले.

आमच्या शेजारी सत्तरीच्या बाई होत्या. मांडीवर घोंगडी, हातात विणकाम. सुया चालू आणि नजर पकावर, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीवर. मी माझा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मला ते नियम वगैरे नका विचारू. घरी सामना असला तर मी येते. बाहेर असला तर माझा नवरा मला एवढं ड्राइव्ह करू देत नाही." हे उत्तर मला भाच्याच्या उत्तरापेक्षा पटलं.

सामना जादा वेळात गेला. गोलागोलाचा वृत्तांत देत नाही, तो नेटवर मिळतो. पण तीन-तीन खेळाडूंचा हॉकी प्रत्यक्ष बघण्यासारखा आहे. पाच-पाच जण असताना बर्फावर दाटी असते; तीन-तीन झाले की मैदान एकदम रिकामं वाटतं, आणि एक पास चुकला की समोरचे दोघं सरळ गोलीवर चालून येतात. तो संपताच आजूबाजूच्या सगळ्यांनी फोन काढले. लीगचे सहाही सामने साधारण एकाच वेळी संपतात. "युनियन?" "कोलगेटचं काय झालं?" अशा हाका वरून खाली गेल्या. वर्षाने तिथेच रबराने तीन आकडे खोडून नवे लिहिले.

जाणाऱ्यांसाठी: रिंकच्या आत थंडी असतेच, बसायला जाड कापड न्या. कॉर्नेलची तिकिटं आधी काढा, दारात मिळतील या भरवशावर राहू नका. खाली गावात शाकाहाऱ्यांची सोय उत्तम आहे; ही सोय पुढे उत्तरेत मिळणार नाही, तेव्हा इथे पोटभर खाऊन घ्या.

शनिवार, हॅमिल्टन

या लीगमध्ये संघांच्या जोड्या लावलेल्या असतात. कॉर्नेलची जोडीदार कोलगेट, क्लार्कसनची सेंट लॉरेन्स, युनियनची आरपीआय. शुक्रवारी कॉर्नेलला खेळलेले पाहुणे शनिवारी कोलगेटला येतात, आणि कोलगेटला खेळलेले कॉर्नेलला. म्हणून एका वीकेंडला सहा गुण पणाला लागलेले असतात, आणि शुक्रवारी रात्री ज्याला आनंद झाला त्याला चोवीस तासही तो धरून ठेवता येत नाही. आम्ही पाहुण्यांच्याच मागे हॅमिल्टनला गेलो. रस्ता दोन तासांच्या आतबाहेर, सगळा शेतांतून.

कोलगेट म्हणजे टूथपेस्टवालंच. साबणवाल्या कोलगेट घराण्याच्या देणग्यांमुळे १८९० साली विद्यापीठाला हे नाव मिळालं. त्यांचं रिंक २०१६ मध्ये उघडलेलं, चकाचक, खुर्च्या मऊ. लायनानंतर जरा जास्तच सभ्य वाटलं.

इथे पाहुण्या संघातल्या एका खेळाडूचे वडील भेटले. ऑन्टारियोहून गाडी चालवत आले होते. त्यांच्याकडून कळलं की ही पोरं शाळा संपवून लगेच कॉलेजात येत नाहीत. आधी एक-दोन वर्षं ज्युनियर लीगमध्ये खेळतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा मुलगासुद्धा वीस-एकवीसचा असतो. माझ्या प्रश्नावर ते हसले. म्हणाले, पहिल्या चारात आलो तर पोरांना एक पूर्ण आठवडा मिळतो. सुजलेला घोटा उतरतो, बुडालेले पेपर लिहून होतात, आणि मालिकेत रोज रात्री स्वतःच्या गादीवर झोपायला मिळतं. मग आवाज खाली आणून सांगितलं, "लेक प्लॅसिडचं हॉटेल मी ऑक्टोबरमध्येच बुक करतो. रद्द करता येईल असं. दरवर्षी करतो आणि दरवर्षी रद्द करतो."

हा सल्ला जसाच्या तसा पुढे देतोय. मार्चमध्ये त्या गावात ऐन वेळी खोली शोधू नका.

रविवार, लाउव्हिल

युटिकावरून बारा नंबरच्या रस्त्याने सरळ उत्तरेला जायचं आणि संध्याकाळपर्यंत क्लार्कसनचं गाव पॉट्सडॅम गाठायचं ठरलं होतं. बूनव्हिल सोडलं आणि समोरचा ट्रक दिसेनासा झाला. डावीकडे टग हिलचं पठार आहे. ऑन्टारियो सरोवरावरून येणारा गार वारा पाण्यावरची वाफ उचलतो आणि पठाराला अडला की सगळी तिथेच बर्फ म्हणून टाकतो. त्या पठारावर पवनचक्क्यांचं मोठं शेत आहे, फोटोत फार सुंदर दिसतं. आम्हाला एक पातं दिसलं नाही. लाउव्हिलला पोहोचलो तेव्हा पुढचा रस्ता बंद केल्याचं कळलं.

एका छोट्या खाणावळीत शिरलो. हा सगळा दुधाचा मुलूख. लाउव्हिलात क्रीम चीजचा अवाढव्य कारखाना आहे आणि गावात गाईचा भलामोठा पुतळाही आहे. खाणावळीतल्या बाईंनी चीजचे ताजे गोळे आणून ठेवले. इथे त्यांना कर्ड म्हणतात, पण दह्याशी संबंध नाही. चिंचोक्याएवढे ओबडधोबड तुकडे, रबरासारखे. ताजे असतील तर दाताखाली कुईं कुईं वाजतात. वर्षाने पहिला तुकडा चावला आणि दचकून इकडेतिकडे बघितलं. मग आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे आवाज काढत बसलो. दुसऱ्या दिवशी उरलेले खाल्ले तर आवाज गेलेला.

तिथे बर्फ काढणाऱ्या गाडीचा चालक कॉफी प्यायला आला. रात्री दोनपासून रस्त्यावर होता. आम्ही कुठे चाललोय ते ऐकून म्हणाला, "हॉकीसाठी? मग बसच्या मागेमागेच यायचंत की." कालच क्लार्कसनची बस त्याच्या गाडीमागून तासभर वीसच्या वेगाने सरकत गेली होती म्हणे. मी विचारायच्या आधीच त्याने उत्तर देऊन टाकलं. "लोक म्हणतात घरचे प्रेक्षक, घरचे प्रेक्षक. अहो, प्रेक्षक राहू द्या. या रस्त्यावर चार तास बसून या आणि मग स्केट घालून दाखवा."

पहिल्या चारात येण्याचं याहून चांगलं कारण मला पूर्ण प्रवासात मिळालं नाही. नकाशावर ही लीग आटोपशीर दिसते. पण कनेक्टिकटहून पॉट्सडॅमला हिवाळ्यात बसने जाणं ही वेगळीच चीज आहे.

रात्र तिथेच काढली. इकडे येणाऱ्यांनी काच धुण्याचं पाणी कडक थंडीचं घ्यावं, साधं पाणी नळीतच गोठतं. टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यावी. आणि कॅनडाची सीमा जवळ असल्यामुळे रस्त्यात कधी कधी तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड गाडीतच हवं, घरच्या कपाटात नको. पॉट्सडॅमहून ओटावा दीड-दोन तासांवर आहे म्हणून मोह होतो. पण ग्रीन कार्ड नसेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो.

बुधवार, लेक प्लॅसिड

सोमवार-मंगळवार पॉट्सडॅममध्ये झोपा काढण्यात आणि कपडे वाळवण्यात गेले. बुधवारी ऊन पडलं, तशी गाडी डोंगरात घातली. टपर लेकच्या अलीकडे बराच वेळ फोनला रेंज नव्हती. सॅरानॅक लेकला हिवाळी जत्रेसाठी बर्फाच्या लाद्यांचा राजवाडा उभारतात, तळ्यातलाच बर्फ कापून. जत्रा उलटून गेली होती आणि राजवाड्याचे कोपरे गोल व्हायला लागले होते.

लेक प्लॅसिड म्हणजे एक तळं, एक लांब रस्ता आणि दोन हिवाळी ऑलिंपिक, १९३२ आणि १९८०. हायस्कूलच्या पुढ्यातच ते स्पीड स्केटिंगचं मैदान आहे जिथे एरिक हायडनने पाच सुवर्णपदकं घेतली. पैसे भरून आपणही तिथे पडू शकतो. शेजारीच हर्ब ब्रुक्स रिंक. २२ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी इथे सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं. तो अंतिम सामना होता असं बहुतेकांना वाटतं. नव्हता, सुवर्णपदकासाठी त्यांना दोन दिवसांनी फिनलंडला हरवावं लागलं.

याच गावात १९७० साली कॉर्नेलने क्लार्कसनला ६-४ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं आणि सीझन २९ विजय, शून्य पराभव असा संपवला. तसा निर्भेळ सीझन त्यानंतर पहिल्या श्रेणीतल्या पुरुषांच्या कोणत्याच विजेत्या संघाला जमलेला नाही.

रिंकसमोरच्या कॉफीच्या दुकानात आमच्या सिद्धांताला सुरुंग लागला. मी काउंटरवरच्या मुलाला बर्फगाडीवाल्याचं म्हणणं ऐकवलं. तो म्हणाला, "आणि २०२५?" त्या वर्षी कॉर्नेल सहाव्या नंबरवर संपलं होतं. म्हणजे विश्रांतीचा आठवडा नाही, पहिल्या फेरीचा जादा सामना, मग दुसऱ्याच्या घरी मालिका. तरी लेक प्लॅसिडला येऊन त्यांनी अंतिम सामन्यात दुसऱ्या नंबरच्या क्लार्कसनला ३-१ हरवलं. प्रशिक्षक माइक शेफर यांचा तो शेवटचा सीझन होता. त्यांचे ठरलेले वारसदार केसी जोन्स त्याच बाकावर उभे होते, आणि हे जोन्स आदल्या वर्षापर्यंत क्लार्कसनचेच प्रशिक्षक. म्हणजे समोरच्या संघातली बरीचशी पोरं त्यांनीच निवडून आणलेली. असा सामना मराठी नाटकात दाखवला असता तर आपण म्हटलं असतं, योगायोग जरा जास्त झाले.

वर्षाचं मत वेगळं. "एका वर्षाचा अपवाद दाखवून ताळेबंद बदलत नाही," ती म्हणाली. मीही तिच्या बाजूचा. सहाव्यावरून कप नेता येतो हे खरं, पण सहावं यायचं म्हणून कोणी ठरवून खेळत नाही.

शुक्रवार, पॉट्सडॅम

गाव लालसर वालुकाश्माचं. हाच दगड ओटावाच्या संसदेच्या इमारतींतही वापरलाय. क्लार्कसनचं चील रिंक १९९१ सालचं, विद्यार्थ्यांच्या केंद्रालाच जोडलेलं. पोरं मेसमधून उठून थेट सामन्याला येतात. बँड दणदणीत, हिरव्या-पिवळ्या स्वेटरातला, आणि खेळ थांबला रे थांबला की वाजायला लागतो. उणे वीसमध्ये बाहेरून आत आल्यावर चष्म्यावर धुकं, कानात ट्रंपेट.

खाण्याचं सांगायचं तर पुटीन सगळीकडे मिळतं: बटाट्याचे काप, तेच वाजणारं चीज आणि वर गरम रस्सा. रस्सा मांसाचा असतो, शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. आम्ही स्टुअर्ट्सच्या दुकानातली कॉफी आणि घरून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांवर भागवलं.

शनिवार, कँटन

पॉट्सडॅमहून सेंट लॉरेन्सचं कँटन जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर. दोन कट्टर वैरी एवढ्या जवळ, आणि दोघांच्या चहूबाजूंना मैलोन्‌मैल शेतं. वाटेत आमिश लोकांच्या काळ्या घोडागाड्या कडेकडेने चाललेल्या. वेग कमी करा, आणि फोटो काढू नका, त्यांना आवडत नाही.

ॲपलटन रिंक १९५१ पासूनचं. शेवटची रात्र. वरच्या चारांचं भांडण दुसऱ्या गावांत चाललं होतं, पण आमच्यासमोर दुसऱ्या रेघेचं होतं, आठव्याखालच्या. घरचा संघ आणि आयव्हीतले पाहुणे जवळपास बरोबरीला. वर्षाने डायरीत जे मांडलं ते आधी मला पटेना: आज जो जिंकेल तो आठवा, जो हरेल तो नववा. आणि पहिल्या फेरीत आठव्याच्या घरी येतो तो नववाच. म्हणजे हेच दोन संघ पुढच्या आठवड्यात पुन्हा एकमेकांशी खेळणार. आज फक्त कुठे खेळायचं ते ठरणार होतं.

मागच्या रांगेतल्या आजोबांनी हे ऐकलं आणि डायरी मागून घेतली. ती चार जणांच्या हातांतून फिरून परत आली तेव्हा कोणीतरी युनियनचा आकडा दुरुस्त केला होता. वर्षाने तपासला. दुरुस्ती बरोबर होती.

शेवटची दोन मिनिटं पाहुण्यांनी गोली काढून सहावा खेळाडू उतरवला. पक तीनदा खांबाजवळून गेला, घरच्या एकाने तर पोटावर आडवं पडून अडवला. भोंगा वाजला तेव्हा घरचा संघ पुढे होता. आजोबांनी वर्षाची पाठ थोपटली, जणू गोल तिनेच केला.

बाहेर गाडीवरचा बर्फ खरवडत होतो. शेजारी पाहुण्यांची बस इंजिन चालू ठेवून उभी होती आणि चालक हात चोळत पायरीवर. त्याने विचारलं, "शेवटी आम्ही कितवे?"

"नववे," वर्षा म्हणाली. "पुढच्या आठवड्यात परत इथेच."

त्याने एकदा रस्त्याकडे, एकदा आभाळाकडे बघितलं. "मग हे बर्फाचं फावडं मी इथेच ठेवून जातो," तो म्हणाला.